जिनिव्हातल्या वायपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या) बैठकीत शेवटच्या दिवशी एवढे आभार का मानतात?

प्रश्न (सायली_के): लोककला, पारंपरिक नक्षी, गाणी यांच्या संरक्षणावर वायपोच्या कमिटीत चर्चा चालते ना, तिचं शेवटचं सत्र ऑनलाइन बघितलं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिवालय, दुभाषे, सगळ्यांचे आभार, आणि कराराचा पत्ताच नाही! मग हे निरोपाचं बोलणं कशासाठी?

उत्तर १ (नितीन०७): अगं ते नुसते आभार नसतात, नीट ऐक. आफ्रिकन गट, लॅटिन अमेरिका, आशिया-पॅसिफिक, श्रीमंत देशांचा ग्रुप बी असे एकेक गट बोलतात आणि त्यातच पुढच्या वेळची भूमिका सांगून ठेवतात, "मसुद्यावर प्रगती झाली" कोण म्हणतं आणि "मतभेद कायम आहेत" कोण म्हणतं ते बघायचं. कमिटी २००० साली स्थापन झाली, एवढी वर्षं तीच माणसं भेटतात, त्यामुळे कुणी निवृत्त होत असेल तर खरंच जीव लावून बोलतात.

उत्तर २ (वारली_प्रेमी): मला तर आदिवासी प्रतिनिधींचं शेवटचं बोलणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांना मत द्यायचा अधिकार नाही आणि प्रवासखर्चाचा ऐच्छिक निधी २००५ मध्ये झाला तरी त्यात पैसे कमीच पडतात, म्हणून निरोप घेतानाही ते निधीचं आवाहन करतात. आपल्या वारलीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे पण त्याने नावाचं संरक्षण होतं, चित्रांची नक्कल थांबत नाही, तेव्हा हा करार हवाच.

उत्तर ३ (सायली_के): निधीचं माहीतच नव्हतं. मे २०२४ चा करार झाला तो यातलाच ना?

उत्तर ४ (नितीन०७): हो, त्याच कमिटीतून आला, पण तो जनुकीय संसाधनं (वनस्पती, प्राणी वगैरेंचं जनुकीय साहित्य) आणि त्यांच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानाचा. लोककलेचा मसुदा अजून टेबलावरच आहे.