मदत हवी आहे: सीआरपी वाढलाय, सूज कमी करणारा आहार सांगा (जरा लवकर)

पिवळा डबा
सासूबाईंचा सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी टेस्ट) वाढलेला आलाय. डॉक्टर म्हणाले, अंगात कुठेतरी इन्फ्लमेशन, म्हणजे आतली सूज आहे, पुढच्या आठवड्यात या, बघू. तोवर नुसतं बसून राहायचं का? नेटवर शोधलं तर एक म्हणतो दूध बंद, दुसरा म्हणतो गहू बंद, तिसरा वांगी-टोमॅटो-बटाटे बंद. मग स्वयंपाक कशाचा करू? नेमकं काय बंद करायचं आणि इम्युनिटीसाठी काय सुरू करायचं, एवढंच सांगा. उद्या सकाळी सामान भरायला जातेय, त्यामुळे पटापट. घोडबंदर रोडला कुणी चांगली डाएटिशियन माहीत असेल तर तेही.

खाडीकाठ
वाढलाय म्हणजे किती? वय किती? टेस्ट कशासाठी केली होती? यातलं काहीच लिहिलं नाहीये.

मोरपिशी
रात्री हळदीचं दूध, त्यात चिमूटभर मिरी. मिरी विसरू नका, तिच्यामुळे हळद अंगाला जास्त लागते. आणि सकाळी अनशापोटी गुळवेलीचा काढा. माझी सांधेदुखी यानेच गेली. गोळ्या खाऊन पोटाची वाट लावून घेऊ नका.

डोंबारी
पपईच्या पानांचा रस द्या, दोन चमचे सकाळ-संध्याकाळ. प्लेटलेट्स वाढतात म्हणतात.

खाडीकाठ
@डोंबारी, प्लेटलेट्सचं कुणी विचारलं?
@मोरपिशी, भाजी-आमटीतल्या हळदीबद्दल काही म्हणणं नाही. पण गुळवेल अशी सरसकट सुचवू नका. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला, सगळं खरं. पण चौसष्टीच्या बाईंवर प्रयोग कशाला? हळदीतल्या करक्युमिनच्या कॅप्सूलनीही काहींचं यकृत बिघडलेलं आहे.

मोरपिशी
६४ वय कुठे लिहिलंय त्यांनी? तुम्हीच ठरवून मोकळे! आमच्याकडे तीन पिढ्या गुळवेल पितात, सगळ्यांची यकृतं जागेवर आहेत.

खाडीकाठ
अंदाजे लिहिलं. म्हणूनच तर विचारतोय वय.

पिवळा डबा
६४च आहे वय 😄 सीआरपी १४.२, रेंज ५ च्या आत. सोसायटीत तपासणीचं शिबिर होतं, थकवा असतो म्हणून त्यांचं फुल बॉडी पॅकेज करून घेतलं. बाकी सगळं नॉर्मल. हिमोग्लोबिन थोडं कमी आहे, ९.६. पण फेरिटिन (लोहाच्या साठ्याची टेस्ट) ५८ म्हणजे लोह भरपूर आहे, त्यामुळे लोहाच्या गोळ्या बंद केल्यात. वांगी चालतील का, एवढं तरी सांगा कुणी!

खाडीकाठ
वांगी चालतील. वांगी-टोमॅटोने सीआरपी वाढतो याला धड पुरावा नाही.

आता मुद्द्याचं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, डॉक्टर नाही. सीआरपी यकृतात बनतो. अंगात कुठेही जंतू, जखम किंवा सूज असली की आयएल-६ नावाचा निरोप यकृताला जातो आणि सीआरपी वाढतो. ‘कुठेतरी’ एवढंच तो सांगतो, कुठे ते नाही. पोटावरच्या चरबीमुळेही थोडा वाढतो. पण १० च्या वर गेला की आधी संसर्ग, संधिवात असलं काहीतरी शोधतात, आणि नुकताच ताप-सर्दी होऊन गेली असेल तर एक-दोन आठवड्यांनी परत करतात. त्याआधी आहार बदलून आकडा खाली आणायला जाणं म्हणजे धूर दिसला म्हणून खिडकी लावून घेणं.

आणि ९.६ ‘थोडं कमी’ नाही. बायकांमध्ये १२ च्या खाली ॲनिमिया धरतात. फेरिटिनचं म्हणाल तर सूज असली की तेही उगाच वाढतं. तोच आयएल-६ यकृताला हेप्सिडिन बनवायला लावतो. हेप्सिडिनमुळे आतड्यातून लोह आत येत नाही आणि साठ्यातलं बाहेर पडत नाही. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीराची ही व्यवस्था, पण रक्त बनवायलाही मग लोह मिळत नाही. त्यामुळे सूज असताना मोठ्या माणसात फेरिटिन ७० च्या खाली असलं तर लोहाची कमतरता धरावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमचं ५८. गोळ्या कुणी बंद केल्या? डॉक्टरांनी?

पिवळा डबा
नाही, रिपोर्टवर हिरवी खूण होती ना फेरिटिनसमोर.

जुना ठाणेकर
ताई, हे इम्युनिटी वगैरे सगळं मार्केटिंग आहे. करोनापासून प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर इम्युनिटी. आमच्या लहानपणी हा शब्दच नव्हता. मासुंदा तलावाच्या काठाने दोन फेऱ्या आणि वरणभात, खल्लास.

खाडीकाठ
पुड्यावरची थाप, मान्य. पण खाण्याचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंधच नाही असं म्हणू नका. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना काही महिने जादा शिधा दिला, तर त्या घरांमध्ये नव्याने क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. लक्षात घ्या, त्या शिध्यात जादुई काही नव्हतं. माणसं अर्धपोटी होती, ती उणीव भरून काढली. पोटभर खाणाऱ्याने वरून पावडरी ओतल्याने तसं काही होत नाही.

नेरूळची मावशी
अगं पिवळा डबा, काय बंद करू विचारतेस, पण त्या सध्या खातात काय ते लिहिलंच नाहीस. दिवसभरातलं सगळं सांग बघू. चातुर्मास पाळतात का?

पिवळा डबा
हो मावशी, पाळतात ना. एकभुक्त असतात. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी साबुदाणा. एरवी दुपारी भात-वरण, रात्री काही नाही, फक्त चहा. चहा चार-पाच वेळा होतो. हे लिहायचं कशाला, सगळ्यांच्याच घरी असतं. शुगर आहे, पण गोळीने कंट्रोलमध्ये आहे.

नेरूळची मावशी
शुगर आहे?? आणि हे आत्ता सांगतेस? कुठली गोळी?

पिवळा डबा
ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली. सकाळी घेतात.

खाडीकाठ
डाएटचा विषय आधी बाजूला ठेवा. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम फुटणं, हातपाय थरथरणं, गरगरणं होतं का त्यांना? उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना उद्याच विचारा, पुढच्या आठवड्यात नाही. स्वतः गोळी कमी-जास्त करू नका. आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, त्यानेही रक्त कमी होतं. बी-१२ केलंय का पॅकेजमध्ये?

पिवळा डबा
सकाळी अकराच्या सुमारास गरगरतं त्यांना. आम्ही ॲसिडिटी समजत होतो. बी-१२ नाही दिसत.

बांगडाफ्राय
मासे सुरू करा. बांगडा, तारली. ओमेगा-३ ने सूज कमी होते, स्वस्तही पडतात. कोपरीच्या बाजारात सकाळी लवकर गेलात तर...

पिवळा डबा
आम्ही शाकाहारी आहोत.

बांगडाफ्राय
मग जवसाची चटणी. पण खरं सांगायचं तर जवसातल्या ओमेगा-३ चं माशातल्यासारखं ओमेगा-३ शरीरात फारच थोडं बनतं. बांगडा तो बांगडाच.

मोरपिशी
चातुर्मासात बांगडा सुचवताय, धन्य आहे.

बांगडाफ्राय
आमच्याकडे श्रावण संपला की चातुर्मासही संपतो.

नेरूळची मावशी
भांडू नका रे. पिवळा डबा, वजन किती त्यांचं? आणि दात-हिरड्या कशा आहेत? माझ्या नणंदेचं अस्संच थकव्यापासून सुरू झालं होतं, निघालं हिरड्यांचं.

पिवळा डबा
वजन ५२. पूर्वी जास्त होतं, ब्लाउज सगळे सैल झालेत. हिरड्यांतून रक्त येतं ब्रश करताना. दोन दाढा हलतात, म्हणून मऊ भात आणि साबुदाणाच खातात. पण दातांचा काय संबंध?

खाडीकाठ
आहे संबंध. हिरड्यांचा जुना संसर्ग अंगात सूज धगधगत ठेवतो, साखर बिघडवतो, आणि साखर वाढली की हिरड्या आणखी सडतात. पण १४.२ सगळं हिरड्यांचंच असेल असं धरून चालू नका. वजन उतरलंय, तेव्हा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. रिपोर्टची पीडीएफ नुसती पाठवू नका, हे सगळं तोंडाने सांगा.

नेरूळची मावशी
आता खाण्याचं. तुझ्याकडे बंद करण्यासारखं काही नाहीच गं, बाईंच्या पोटात जातंय काय! आयसीएमआरच्या हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५२ किलोला ४३ ग्रॅमच्या आसपास. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावापुरतीसुद्धा नाहीत, शिवाय साखर वाढवतो. अँटिबॉडीज प्रथिनांच्याच बनतात, त्या कशातून बनवायच्या? उपवास सोडा म्हणालीस तर त्या तुलाच सोडतील, तेव्हा तसं म्हणू नकोस. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याचं पीठ दह्यात कालवून, पनीर कुस्करून, ताक. सगळं मऊ आहे आणि उपवासाला चालतं. एरवी मुगाचं घट्ट वरण, त्यावर लिंबू, कारण क जीवनसत्त्वाने डाळ-भाजीतलं लोह अंगी लागतं. आणि चहा जेवणाला लागून नको, तास-दीड तास अंतर ठेव, चहातली टॅनिन्स लोह अडवतात.

मोरपिशी
म्हणजे सरतेशेवटी घरगुतीच उपाय! गुळवेलीला मात्र नावं ठेवायची.

जुना ठाणेकर
राजगिरा जांभळी नाक्यावर घ्या ताई, मॉलमध्ये तोच पुडा दुप्पट भावाने देतात. गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळाली तर लॉटरी लागली समजा.

डोंबारी
पपईचं पान तिथेच मिळतं.

पिवळा डबा
डॉक्टरांना फोन झाला. उद्या दुपारीच बोलावलंय. अकरा वाजता गरगरेल तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर बघा, सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि मला लगेच कळवा, म्हणाले. ग्लुकोमीटर शेजारच्यांकडून आणलाय, पट्ट्या मात्र संपल्यात. रात्री पट्ट्या मिळतील असं मेडिकल मानपाडा-वाघबीळ भागात कुठलं उघडं असतं? आणि हिरड्यांसाठी दंतवैद्य सुचवा, जिना नसलेला दवाखाना हवा, त्यांचे गुडघे दुखतात.

खाडीकाठ
पट्ट्या त्याच कंपनीच्या लागतात, मीटर सोबत घेऊन जा. गुडघे दुखतात हेही आत्ताच कळतंय. ते पण सांगा डॉक्टरांना.

नेरूळची मावशी
आणि आज रात्री त्यांना नुसत्या चहावर झोपू देऊ नकोस गं. व्यनि (खासगी निरोप) केलाय, दंतवैद्य तळमजल्यावर आहेत.