हायकोतला क्रॅपी: "गरम पाणी दिसलं की गळ टाका" म्हणे!

गळेकर_डरहॅम
हायको हा नॉर्थ कॅरोलायनातला तलाव, क्रॅपी हा तिथला गोड्या पाण्यातला मासा. परवा इथे एकाने ठोकून दिलंय: "पॉवर प्लँटच्या तलावात क्रॅपी शोधायला डोकं लागत नाही. गरम पाणी सुटतं तिथे जा, गळ टाका, बादली भरा. रॅलेवाल्यांना तर हॅरिस लेक दारातच आहे." वाचून गप्प बसवेना.

आधी हॅरिस. अहो, तिथला पाचशे फुटांहून उंच कूलिंग टॉवर शोभेला उभा केलेला नाही. तिथल्या अणुवीज प्लँटची उष्णता तो हवेत सोडतो, तलावातून फक्त भरपाईचं पाणी घेतात. जानेवारीत हॅरिस आणि शेजारचा जॉर्डन लेक सारखेच गार. हायकोचं वेगळं आहे. रॉक्सबरोचा कोळशाचा प्लँट तलावाचं पाणी कंडेन्सरमधून फिरवून परत तलावातच सोडतो. तेही प्लँट जोरात चालू असेल तर. थंडीची लाट आली, विजेची मागणी वाढली की बघा, आणि उबदार रविवारी गेलात तर मग मला शिव्या घालू नका.

आता क्रॅपी. थ्रेडफिन शॅड हा छोटा मासा (मोठ्या माशांचं खाद्य) ४५ फॅरनहाइटच्या खाली मरायला लागतो, म्हणून त्याचे थवे गरम पाण्याकडे धावतात. त्यांच्यामागे बास आणि कॅटफिश हे शिकारी मासे गरम पाणी सुटतं त्या थेट तोंडाशी येतात. क्रॅपीला ती धार सोसत नाही. तो कडेला थांबतो, जिथे गरम पाणी गार पाण्यावर चढतं आणि आडोसा असतो: बुडालेलं झाड, धक्क्याचे नाहीतर पुलाचे खांब. गरम पाणी हलकं, वरच राहतं. म्हणून नुसतं पृष्ठभागाचं तापमान बघून भुलू नका, थर्मामीटर दोरीने खाली सोडा. वसंतात तर आणखी गंमत. पाणी साठ-सत्तर फॅरनहाइटच्या मध्ये गेलं की हा अंडी घालायला काठाशी येतो. तलावाच्या गरम बाजूला तो उथळ पाण्यात आलेला असतो, तेव्हा दुसऱ्या टोकाचा अजून खोलात झोपलेला. एकाच तलावात दोन ऋतू! "डोकं लागत नाही" म्हणे.

बादलीभर
ते "एकाने" म्हणजे मीच, नाव घ्या की. थर्मामीटर दोरीला बांधून सोडा म्हणे! आम्ही मासे धरायला जातो, ताप बघायला नाही. माझे मेहुणे जानेवारीत गरम पाण्याच्या तोंडाशीच उभे राहून मिनो (छोटा जिवंत मासा) गळाला लावून क्रॅपी काढतात, डोळ्यांनी पाहिलंय.

गळेकर_डरहॅम
तोंडाशी म्हणजे नेमके कुठे? धारेत, की दगडांच्या मागे पाणी संथ फिरतं तिथे?

बादलीभर
दगडांमागे. पण तोंडाशीच ना!

गळेकर_डरहॅम
धन्यवाद. मी दुसरं काय म्हणतोय?

मालवणी_माई
कुठे उभे राहता ते चालू दे, पण खायला काय मिळतं? गोड्या पाण्यातला मासा, वर गरम पाण्यातला. त्याला चिखलाचा वास मारणारच. आम्ही रॅलेजवळच्या कॅरी गावात राहतो, बाजारातून गोठवलेली सुरमई आणतो आणि सुखात आहोत.

बादलीभर
माई, चिखलाचा वास कॅटफिशला. क्रॅपीचं मांस पांढरं, गोडसर. हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून रव्यात तळा. डोळे मिटून दिला तर ओळखणार नाही.

मालवणी_माई
डोळे मिटून मी सरंगा नि पापलेटपण ओळखते. आगळ घालून काहीही गिळता येतं, त्यात मासा कुठला ते कसं कळणार?

राखेतला_नागपूरकर
वासाचं सोडा. कोळशाच्या प्लँटच्या तलावातला मासा खाताच काऊन, हे मला कळत नाही. इथल्याच दुसऱ्या कोळशाच्या प्लँटच्या बेलूज लेकचं माहीत आहे ना? १९७४ला प्लँट सुरू झाला, राखेच्या तळ्याचं पाणी तलावात गेलं, त्यातल्या विषारी सेलेनियमने माशांच्या २० जातींपैकी १९ संपल्या. मोठे मासे वरून धडधाकट. विष अंड्यांत उतरायचं आणि पिल्लं वाकड्या कण्याची निघायची. तुमच्या हायकोतही १९८८मध्ये मासे खाण्यावर इशारा लागला होता. मी कोराडीजवळ वाढलो भाऊ. २०२२च्या जुलैत खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा घरचे फोनवर काय सांगत होते ते आठवतं. राख आणि मासा एका ताटात मला नको.

गळेकर_डरहॅम
अर्धी गोष्ट सांगितलीत. हायकोत राख कोरडी हाताळायला लागल्यावर सेलेनियम उतरलं आणि तो इशारा २००१मध्ये उठला. बेलूजमध्येही राखेचं पाणी १९८५च्या सुमारास थांबलं, मासे परतले. चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रेताचं पोस्टमॉर्टेम आज कशाला?

राखेतला_नागपूरकर
२०१४ पण चाळीस वर्षांपूर्वीचं काय? याच राज्यातल्या ईडन गावी राखेच्या तळ्याखालचा पाइप फुटला, हजारो टन राख डॅन नदीत गेली. "आता सगळं ठीक आहे" हे तिथल्या लोकांनीही ऐकलं होतं.

गळेकर_डरहॅम
ते बंद पडलेल्या प्लँटचं तळं, आणि ती नदी. विषय हायकोचा चालू आहे.

राखेतला_नागपूरकर
राख प्लँट चालू की बंद विचारून बाहेर पडत नाही. तुम्हाला मासा सापडला की बाकी काही दिसत नाही, हाच तुमच्या छंदाचा रोग.

गळेकर_डरहॅम
आणि घरात एसी लावून विजेच्या प्लँटला शिव्या घालणं हा तुमचा.

मालवणी_माई
अरे बाबांनो, सुरमईतपण पारा असतोच. मग मी काय नुसतं वरणभात खाऊ?

पीएचडी_रखडलेली
पारा आणि सेलेनियम एकत्र कालवू नका. पारा मोठ्या, शिकारी, म्हाताऱ्या माशांत साठतो. क्रॅपी त्या मानाने लहान आणि अल्पायुषी. आणि मासे खाण्याबद्दलचे राज्याचे सल्ले तलावानुसार, जातीनुसार निघतात, ते वाचायला फार वेळ लागत नाही. भांडायला जास्त लागतो. आता माझी तक्रार: गरम पाण्यात हिवाळाभर माशाचा जठराग्नी पेटलेला असतो. शॅड कमी पडला की क्रॅपी लांब पण रोडका निघतो. तुमच्या बादलीतल्यांची पाठ कशी असते?

बादलीभर
...रोडकी. पण रव्यात सगळे सारखेच दिसतात.

राखेतला_नागपूरकर
ठीक आहे, क्रॅपी बासपेक्षा बरा, एवढं मान्य. कुठल्या तलावातला ते विचारल्याशिवाय मी जेवणार नाही. गळेकर, तुम्ही बोलावलंत तरी.

गळेकर_डरहॅम
बोलावलं कुणी? शनिवारी सकाळी थंडी पडतेय, मी पुलाच्या खांबांना चाललोय. बादलीभर, मेहुण्यांना आणा. थर्मामीटर मी आणीन, हसायचं नाही.

बादलीभर
मेहुणे म्हणतात येतो, पण खांब त्यांचे, तुम्ही दगडांमागे उभे राहा.