एअर रायफलसाठी हलकी दुर्बीण कशी निवडावी?

प्रश्न : माझी स्प्रिंगची .१७७ (इंच व्यासाच्या छर्‍याची) रायफल मुळातच जड असून, सध्याच्या दुर्बिणीमुळे उभ्याने नेम धरताना नळी डोलू लागते. १० ते ३० मीटरसाठी हलकी दुर्बीण कशी निवडावी?

उत्तर १ : वजनाआधी धक्क्याचा विचार करावा, कारण स्प्रिंगने ढकललेला, हवा दाबणारा पिस्टन पुढे झेपावताना रायफल मागे आणि तो थांबताना पुढे जाते, आणि हा पुढचा धक्का केवळ मागचा धक्का सोसणाऱ्या उत्तम दुर्बिणीलाही खिळखिळी करतो. माझ्या दुर्बिणीतली क्रॉसहेअर (नेम धरण्याच्या उभ्या-आडव्या रेषा) अशीच तिरपी झाली होती.

उत्तर २ : सहमत आहे. ४×३२ (चौपट मोठे दाखवणारी, ३२ मि.मी. पुढच्या भिंगाची) दुर्बीण पुरेशी ठरते. मात्र पॅरॅलॅक्स (डोळ्याची जागा बदलल्यावर क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकलेली दिसणे) जवळच्या अंतराला जुळवता यायलाच हवा, अन्यथा डोळा किंचित हलला तरी नेम सरकतो.

उत्तर ३ : माउंट (दुर्बीण रायफलवर बसवण्याची पकड) मागे सरकू नये म्हणून स्टॉप पिन (रायफलवरच्या खाचेत अडकणारी खिळी) असलेलाच घ्यावा.