‘कल्पवृक्ष कन्येसाठी’ या गीताचे कवी कोण?

ऐरोलीकर:
वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातील एका मैफलीत ‘कल्पवृक्ष कन्येसाठी’ हे गीत प्रथमच ऐकले आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही. माझे वडील हयात नाहीत; त्यांनी ज्यासाठी कष्ट उपसले ते स्थैर्य घरात आले, पण ते पाहायला ते राहिले नाहीत. नेमके हेच कोणीतरी इतक्या साध्या शब्दांत लिहून ठेवले आहे. मूळ गायन लता मंगेशकर यांचे आहे हे समजले. मात्र मी ज्या अ‍ॅपवर ऐकते तेथे कवीचे नाव नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

तलावपाळी:
ताई, हे कवी आपल्या ठाण्याचेच. पी. सावळाराम, म्हणजे निवृत्ती रावजी पाटील (१९१४–१९९७). जन्म सांगली जिल्ह्यातला, पण ते ठाण्यात स्थायिक झाले आणि शहराचे नगराध्यक्षही होते. लोक त्यांना जनकवी म्हणतात. यापुढे मराठी गीताचा कवी शोधायचा असेल, तर ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर गीत, संगीत आणि स्वर अशी तिन्ही नावे मिळतात.

गीताविषयी मला जे जाणवते ते असे. आरंभी मुलगी बाबांविषयी आपल्याला सांगते आणि लगेच पुढच्या ओळीत, जणू ते समोर असावेत तसे, बहरलेले झाड बघायला याल का, असे त्यांनाच विचारते. पुढे वैभव वाढत जाते, बाबांना देवपण येते, घराला तीर्थाची थोरवी लाभते. आणि हे सारे सांगून झाल्यावर ती मागते काय, तर एकदाच येऊन पाठीवरून हात फिरवा. वैभव जितके मोठे, तितकी मागणी लहान, आणि म्हणूनच ती सहन होत नाही. शोकाचा एकही अवजड शब्द न वापरता कवीने हे साधले आहे.

जुनी तबकडी:
संगीतकार वसंत प्रभू यांचाही येथे आवर्जून उल्लेख व्हायला हवा. त्यांची चाल प्रत्येक अक्षर स्पष्ट ऐकू येऊ देते. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण ३ मिनिटे मावत, त्यामुळे त्या काळच्या भावगीतकाराला मोजक्या कडव्यांतच सारे सांगावे लागे. सावळारामांइतकी ही शिस्त फार थोड्यांना जमली, असे माझे मत आहे.

कोपरी पूर्व:
लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ १९४२ साली गेले तेव्हा लताबाई अवघ्या १२ वर्षांच्या होत्या. त्यामुळे अनेक श्रोते हे गीत त्यांच्याच आयुष्याशी जोडून ऐकतात, आणि ते स्वाभाविकही आहे. तरीही गीत तेवढ्यापुरते मानू नये, कारण ताईंना ऐकू आले ते त्यांच्या स्वतःच्या वडिलांविषयीचे गीत होते, आणि सावळारामांचे खरे सामर्थ्य तेच आहे. आता याच तिघांचे ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ ऐका. तेथे बोलणारी आई आहे आणि जाणारी मुलगी.

ऐरोलीकर:
सर्वांचे मनापासून आभार. दुसरे गीत आत्ताच ऐकले. ते माझी आई तिच्या तरुणपणी नेहमी गुणगुणत असे. कवी तिलाही ठाऊक नव्हता. तिला आजच नाव सांगितले.