'ईसीयू बसवणे' यात 'ट्यूनिंग' येते का? आणि 'ट्यूनिंग'ला मराठीत काय म्हणावे?

तुर्भेकर
तुर्भे एमआयडीसीतील एका गॅरेजची मराठी दरपत्रके मी लिहून देतो. जुन्या गाडीचा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) काढून इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) बसवणे आणि ते चालवण्यासाठी बाजारात सुटा मिळणारा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, जोडणे, हे तेथील मुख्य काम आहे. अलीकडेच एका प्रीमियर पद्मिनीच्या मालकांशी दरपत्रकावरून वाद झाला. त्यात 'ईसीयू बसवणे' अशी एक ओळ होती आणि 'ट्यूनिंग' अशी दुसरी, निराळ्या रकमेची. मालकांचे म्हणणे असे की, पंखा बसवणारा माणूस पंखा फिरवून दाखवल्याशिवाय पैसे मागत नाही, तेव्हा दुसरी ओळ मुळातच गैरलागू आहे. गॅरेजवाल्यांच्या मते वायरिंग पुरे होऊन इंजिन सुरू झाले की बसवण्याचे काम संपते. कोणत्या वेगाला आणि किती भाराला पेट्रोल किती द्यायचे व ठिणगी केव्हा टाकायची हे ठरवणे हे स्वतंत्र आणि अधिक वेळखाऊ काम आहे. 'ट्यूनिंग'ला असा एखादा मराठी शब्द सुचवावा की तो वाचताच हे वेगळे काम आहे हे ग्राहकाला कळेल.

नौपाडा
शब्दाच्या बाजूने पाहिले तर मला मालकांचेच म्हणणे रास्त वाटते. मराठीत 'बसवणे' म्हणजे केवळ जागेवर ठेवणे नव्हे. आपण नाटक बसवतो, भजन बसवतो, घडी बसवतो. गडकरी रंगायतनात प्रयोग लावण्याआधी नाटक 'बसलेले' असावे लागते, म्हणजे तालमी होऊन प्रत्येकाची वाक्ये, जागा आणि प्रकाश यांचा मेळ जमलेला असावा लागतो. नटांना रंगमंचावर उभे केले म्हणून कोणी नाटक बसले असे म्हणत नाही. तेव्हा अडचण 'ट्यूनिंग' या शब्दाची नसून 'बसवणे' या शब्दाची आहे. पहिल्या ओळीत 'ईसीयू जोडणे' असे लिहावे आणि 'बसवणे' हे क्रियापद दुसऱ्या ओळीसाठी राखून ठेवावे.

बेलापूर किल्ला
'जोडणे' ठीक आहे, परंतु मूळ प्रश्न टाळू नये. इंग्रजीतील 'ट्यून' हा शब्द सुरावरून आला आहे आणि आपल्याकडे सुराचे शब्द काही थोडे नाहीत. तंबोरा लावतात, तबला लावतात, तारा जुळवतात. 'इंजिन लावणे' किंवा 'इंजिन जुळवणे' म्हणायला काय हरकत आहे? दरपत्रकासारख्या लेखी मजकुरात 'समस्वरण' हा शब्दही चालेल. तो आज कानाला जड वाटेल, हे मान्य आहे. पण सावरकरांनी 'महापौर' हा शब्द दिला तेव्हा तोही नवाच होता, आणि आज ठाण्यातील कोणीही माणूस महापौराला 'मेयर' म्हणत नाही. वापरला तरच शब्द रुळतो.

घोडबंदर
'लावणे' मात्र मुळीच चालणार नाही. ठाण्यात 'गाडी लावली' म्हणजे ती पार्क केली, आणि 'गाडी लागली' म्हणजे प्रवासात मळमळले. गावाकडे तर 'इंजिन लावले' याचा अर्थ विहिरीवरचा डिझेल पंप सुरू केला असाच होतो. आमच्या जुन्नरकडच्या आजोबांना 'पद्मिनीचे इंजिन लावले' असे सांगितले असते, तर पाणी कोणत्या शेताला सोडले, असे त्यांनी विचारले असते. 'समस्वरण' हा रेडिओला शोभणारा शब्द आहे. तेथे येणाऱ्या लहरीच्या वारंवारतेशी रेडिओतील मंडलाची वारंवारता खरोखरच जुळवावी लागते. इंजिनात स्वर जुळवण्यासारखे काहीच घडत नसताना केवळ इंग्रजी शब्दाच्या व्युत्पत्तीमागे आपण का जावे?

वागळे इस्टेट
मी आयटीआय करून याच धंद्यात आहे, म्हणून प्रत्यक्ष वापरातले शब्द सांगतो. कार्बोरेटरच्या काळात आम्ही 'सेटिंग' म्हणत होतो. सीबी पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या स्विचची) गॅप बघायची, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, बघायचे, मिक्श्चरचा स्क्रू फिरवून स्लो (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा मंद वेग) सेट करायचा, झाले सेटिंग. पण बिलावर 'सेटिंग' लिहिले की आजच्या ग्राहकाच्या मनात भलताच अर्थ येतो, कारण आता सेटिंग निविदांत होते आणि परीक्षांतही होते.

शिवाय ईसीयूचे काम त्या जातीचे नाही. बाजारातील कित्येक ईसीयूंमध्ये इंधनाचे एक कोष्टक असते, ज्यात आडव्या ओळीत इंजिनाचा वेग, उभ्या ओळीत भार (तो मॅनिफोल्डमधील, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतील दाबावरून कळतो) आणि मध्ये १६ गुणिले १६, म्हणजे २५६ चौकटी असतात. गाडी रस्त्यावर चालू असताना शेजारच्या सीटवर लॅपटॉप घेऊन एक जण बसतो. समजा २,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि ४५ किलोपास्कल दाबाच्या चौकटीत ४८ हा आकडा आहे आणि सायलेन्सरच्या पाइपात लावलेला सेन्सर लॅम्डा (मिळालेली हवा नेमक्या गरजेच्या किती पट आहे तो आकडा) १.०६ दाखवतो आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. आकडा ५१ केला की लॅम्डा १.०० च्या आसपास येतो. मग पुढची चौकट. पाम बीच रोडवर एका वेगाने चालणाऱ्या चौकटी भरून होतात, परंतु पूर्ण भाराच्या चौकटींसाठी चढ लागतो किंवा डायनो (गाडी जागेवरच भार देऊन चालवण्याचे यंत्र) लागतो. त्यातच आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, त्यामुळे १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे जुने गणित सुमारे १३.५ वर आले आहे. म्हणून जाणकार माणूस गुणोत्तर सांगण्याऐवजी लॅम्डा सांगतो, कारण इंधन कोणतेही असले तरी नेमक्या मिश्रणाला लॅम्डा १ असतो. या साऱ्या कामाला मी 'कोष्टक भरणे' म्हणेन. ग्राहकालाही ते समजते, कारण भरायचे काय हे त्याला पडद्यावर दाखवता येते.

बेलापूर किल्ला
'कोष्टक' मला मनापासून पटला, विशेषतः 'मॅप' या शब्दासाठी, कारण इंग्रजीत या कोष्टकाला 'मॅप' म्हणतात. एका माहितीपत्रकात मी 'इंधनाचा नकाशा' असे वाचले आणि त्याच पानावर 'नकाशा संवेदक' असेही वाचले. मॅप सेन्सर या नावातील 'मॅप'चा नकाशाशी काडीचाही संबंध नाही. ती मॅनिफोल्ड ॲब्सोल्यूट प्रेशर या तीन शब्दांची आद्याक्षरे आहेत. त्याला 'दाबमापक' म्हणावे.

नौपाडा
'दाबमापक' म्हटले तर ऑइलच्या दाबाचा की पेट्रोलच्या, हा प्रश्न उरतोच. 'मॅनिफोल्डचा दाब' असे सरळ लिहावे. या दाबाचे महत्त्वही एका वाक्यात सांगितले, तर ग्राहकाला पैसे कशाचे ते उमगेल. ठाण्यात बाहेरचा दाब सुमारे १०० किलोपास्कल असतो आणि महाबळेश्वरला तो सुमारे ८६ वर येतो. कार्बोरेटरला या फरकाची पुरेशी दखल घेता येत नाही, म्हणून घाट चढल्यावर मिश्रणात पेट्रोल जास्त होते. ईसीयू मात्र दाब आणि तापमान मोजून हवेचा हिशेब नव्याने करतो.

घोडबंदर
इंधनाच्या शब्दांवरून वाद झाला तर फार तर काळा धूर निघेल. ठिणगीच्या शब्दावरून झालेला घोटाळा इंजिनाच्या जिवावर बेतू शकतो, आणि त्याकडे अजून कोणी लक्ष वेधलेले नाही. 'टायमिंग पुढे घेणे' याचा अर्थ काय? ॲडव्हान्स म्हणजे ठिणगी लवकर टाकणे. परंतु मराठीत लग्न पुढे ढकलले म्हणजे ते उशिरा होणार, आणि घड्याळ पुढे केले म्हणजे गजर लवकर होणार. एकाच 'पुढे'ला दोन उलट अर्थ आहेत. 'नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक) येत असेल तर टायमिंग मागे घ्यावे' हे वाक्य मी स्वतः दोन माणसांना वाचून दाखवले आणि दोघांनी नेमके उलटे अर्थ सांगितले. नॉकिंग होत असताना ठिणगी आणखी लवकर पडली, तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

वागळे इस्टेट
हा मुद्दा लाखमोलाचा आहे. आमच्याकडे नव्या मुलांना 'ॲडव्हान्स' आणि 'रिटार्ड' हेच शब्द पाठ करायला लावतात, आणि त्याचे कारण नेमके हेच आहे. सोबत कारणमीमांसाही सांगावी लागते. मिश्रण पेटून दाब वाढायला काही मिलिसेकंद लागतात. ९०० आरपीएमला क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा दांडा) एका मिलिसेकंदात साडेपाच अंशांहून थोडी कमी फिरते, तर ३,००० आरपीएमला त्याच एका मिलिसेकंदात १८ अंश फिरते. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी लवकर टाकावी लागते. पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागात) हे काम वजने आणि स्प्रिंगा करत असत. ईसीयूमध्ये त्यासाठी दुसरे कोष्टक असते. ज्या शब्दात चुकीला जागा आहे, तो शब्द मराठी असला तरी मी गॅरेजमध्ये वापरू देणार नाही.

बेलापूर किल्ला
दोष मराठीचा नाही, 'पुढे' या एका शब्दाच्या निवडीचा आहे. 'ठिणगी आधी' आणि 'ठिणगी उशिरा' असे लिहा; त्यात कोणती संदिग्धता आहे? परका शब्द पाठ करायला लावण्यापेक्षा आपला योग्य शब्द निवडणे अधिक सुरक्षित आहे, कारण पाठ केलेला शब्द घाईच्या वेळी विसरतो आणि आईच्या भाषेतला विसरत नाही.

तुर्भेकर
ही चर्चा माझ्या प्रश्नाच्या बरीच पुढे गेली असली तरी उपयोगाची आहे. सध्या मी असा मसुदा केला आहे: 'ईसीयू, इंजेक्टर व वायरिंग जोडून इंजिन सुरू करून देणे' ही पहिली ओळ, 'इंधनाचे व ठिणगीचे कोष्टक रस्त्यावर गाडी चालवून भरणे (ट्यूनिंग)' ही दुसरी. सूचनापत्रात मात्र 'मूळ टायमिंग टीडीसीच्या १० अंश आधी' असे लिहावे की 'अलीकडे', यावर मत हवे आहे (टीडीसी म्हणजे पिस्टन सर्वांत वर असण्याची स्थिती). 'आधी' वेळेसाठी बरे वाटते, पण अंश हे अंतराचे माप आहे.

नौपाडा
'अलीकडे' उत्तम. स्टेशनच्या अलीकडे उतरा म्हटले की स्टेशन येण्यापूर्वी उतरायचे हे कोणालाही सांगावे लागत नाही.

वागळे इस्टेट
प्रवाशाला सांगावे लागत नाही, कारण तो स्वतः त्या दिशेने चाललेला असतो. येथे माणूस टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) धरून उभा आहे आणि खूण असलेली पुली फिरते आहे. खुणेची 'अलीकडची' बाजू तो उजव्या मडगार्डजवळ उभा असताना वेगळी आणि डाव्या बाजूला वाकला असताना वेगळी. 'अलीकडे' लिहायचेच असेल, तर पुली कोणत्या दिशेने फिरते तो बाण चित्रात दाखवा. अन्यथा 'आधी'च राहू द्या.

बेलापूर किल्ला
बाण दाखवला तर 'अलीकडे'च योग्य ठरेल. आणि कृपया 'मूळ टायमिंग' हेही तपासून पाहावे. 'मूळ' म्हणजे कंपनीने ठरवलेले की ईसीयूमध्ये भरलेले, हा नवा वाद त्यातून निघू शकतो.