म्हणे कट बफरच बरे होते!

पोवईनाका: काल इथं एकानं लिहिलं की एक्स विंडोत, म्हणजे लिनक्स-युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेत, कॉपी-पेस्टची वाट लावली, जुने कट बफरच झकास होते. वाचून डोकंच फिरलं. अरे, कट बफर म्हणजे काय तर रूट विंडोवर, म्हणजे सगळ्यांत मागच्या खिडकीवर, टांगलेल्या आठ प्रॉपर्टी, म्हणजे माहितीचे कप्पे, 0 ते 7. एक्स-स्टोअर-बाइट्सनं मजकूर आत टाकायचा, एक्स-फेच-बाइट्सनं बाहेर काढायचा, झालं. सर्व्हरकडं, म्हणजे पडदा सांभाळणाऱ्या एक्सच्या मुख्य प्रोग्रामकडं, राहतो म्हणून प्रोग्राम मेला तरी टिकतो हे खरं, पण टाइप स्ट्रिंग, म्हणजे लॅटिन-1, नुसती पश्चिम युरोपातल्या भाषांची अक्षरं. त्यात आपला 'ळ' कुठं बसवणार? आताच्या सिलेक्शन पद्धतीत सर्व्हर फक्त मालक कोण, म्हणजे कॉपी करणारा प्रोग्राम कुठला, ते लक्षात ठेवतो. पेस्ट करणारा विचारतो टार्गेट्स, म्हणजे मजकुराचे प्रकार, काय काय आहेत, मालक सांगतो यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या मावणारा मजकूर) आहे, एचटीएमएल आहे, चित्र आहे, पाहिजे ते घे. आयसीसीसीएममध्ये, म्हणजे एक्सवरच्या प्रोग्रामांनी एकमेकांशी कसं वागायचं त्याच्या नियमावलीत, 1980च्या दशकातच लिहून ठेवलीय ही पद्धत, वाचा की.

भडंगवाला: काल लिहिणारा मीच. आणि वाचलंय ओ, सांगलीत पण वाचता येतं. मी कॉपी केलं, एडिटर बंद केला, मेलमध्ये पेस्ट मारलं, हाती काही नाही. का? तर मालक मेला! सातबारा आहे का तो, वारसनोंद लावायला? त्यात प्रायमरी (नुसतं सिलेक्ट केलेलं) वेगळं, क्लिपबोर्ड (कंट्रोल-सी केलेलं) वेगळं. मार्चएंडला रात्री अकरा वाजता खातेनंबर कंट्रोल-सी केला, जुना नंबर खोडायला म्हणून सिलेक्ट केला, मिडल क्लिक मारला, तर जुनाच परत आला आणि मी तसाच मेल पाठवून झोपलो. सकाळी साहेबांनी जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

पोवईनाका: मिडल क्लिक प्रायमरी देतो, कंट्रोल-व्ही क्लिपबोर्ड देतो. बोट तुमचं चुकलं, शिव्या एक्सला. मालक मेल्यावरही मजकूर पाहिजे तर क्लिपबोर्ड मॅनेजर चालू ठेवा, तो आधीच मजकूर मागून घेतो आणि मालकी स्वतःकडं घेतो. मी स्वतः एक्सलिबमध्ये, म्हणजे एक्सच्या सी लायब्ररीत, लिहिलंय हे. 'नाही देत' म्हणायचं असलं तरी प्रॉपर्टीच्या जागी नन, म्हणजे 'काही नाही', टाकून सिलेक्शन-नोटिफाय हा निरोप पाठवावा लागतो, मी विसरलो, तर पेस्ट करणारं विंडोच उत्तराची वाट बघत लटकलं. दोन दिवस त्याचा बग शोधत होतो, निघाला माझा.

भडंगवाला: म्हणजे दोन दिवस लागतात, हे तुम्हीच कबूल केलं. धन्यवाद.

विश्रामबाग_डीटीपी: तुमचं प्रायमरी-बिमरी राहू द्या, आमचं रडगाणं ऐका. गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचा मजकूर जुन्या फॉन्टात आणतं. कॉपी करून मेलमध्ये टाकला की चि. सौ. कां.च्या जागी टोपीवाला इंग्रजी ए आणि डॉलर. नवरीच्या बापाला वाटलं मी दारू पिऊन टाइप केलं!

पोवईनाका: यात क्लिपबोर्डचा काय दोष? त्या फॉन्टात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी कोडांवर मराठी चित्रं चिकटवलेली असतात. फॉन्ट गेला की मुखवटा गळाला. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीला स्वतःचे कोड देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी 1991 पासून आहे, टाइप करा की त्यात.

विश्रामबाग_डीटीपी: करा की म्हणे! लेआउटचं जुनं सॉफ्टवेअर युनिकोडची जोडाक्षरं फोडायचं, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन बसायची. पत्रिका उद्या सकाळी पाहिजे असते साहेब, तुमचं आयसीसीसीएम छापून देऊ का अक्षतांबरोबर? एसीत बसून शिकवायला काय जातंय.

पोवईनाका: एसी नाही, पंखा आहे. तोही आवाज करतो.

भडंगवाला: थांबा थांबा! यांचा फॉन्ट जर इंग्रजी कोडांवरच असेल, तर पत्रिका कट बफरात आरामात बसली असती की! 'ळ'सकट!

पोवईनाका: …बसली असती. बाइटला बाइट, सर्व्हर आत डोकावून बघत नाही. खरं तर यूटीएफ-8 पण कोंबता येतं, फक्त समोरचा ते लॅटिन समजून वाचणार आणि परत तसलीच भलती अक्षरं. घ्या, जिंकलात, वाटा पेढे. पण त्या बफरात पासवर्ड गेला तर दुसरं कुणी त्यावर लिहीपर्यंत तिथंच पडून, सर्व्हरला जोडलेल्या कुठल्याही प्रोग्रामनं उचलावा, हे सोयीस्कर विसरू नका.

भडंगवाला: पेढे तुमच्याकडचे, आम्ही भडंग वाटतो. मत बदललेलं नाही. त्या मॅनेजरचं नाव तेवढं मेसेज करा, कामापुरतं.

विश्रामबाग_डीटीपी: आणि माझ्या पत्रिकेचं काय ठरलं? गिऱ्हाईक समोर बसलंय.