पहिल्या वर्षाच्या हाती रेखाटनाचे तास कमी करावेत का?

रेघ_न_रेघ
आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात पहिल्या वर्षाचं हाती रेखाटन निम्म्यावर आणून ते तास सॉफ्टवेअरला द्यायचं घाटतंय. माझा ठाम विरोध आहे. मुलांना लांब कॉरिडॉरच्या टोकाशी बसवलं की जवळजवळ प्रत्येक जण शेवटचं दार आहे त्याहून मोठं काढतो. डोळ्यात त्याची प्रतिमा इवलीशी पडते, पण ते पुरुषभर उंच आहे हे मनाला आधीच ठाऊक असतं. मग हात ताठ करायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचं. जवळच्या दाराच्या उंचीत लांबचं दार पाच वेळा बसतं हे कळलं की मुलं खोडायचं विसरून पुन्हा त्या दाराकडे बघत राहतात. त्या क्षणासाठी मी हा विषय शिकवते. आयता पर्स्पेक्टिव्ह (लांबचं लहान दाखवणारं चित्र) स्क्रीनवर आला तर तो क्षण कुठून येणार?

चौकट
उदाहरण पटलं, निष्कर्ष नाही. एक डोळा मिटून, मान स्थिर ठेवून बघणं म्हणजे इटालियन वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा प्रयोग: फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाचं चित्र, त्याला पाडलेलं भोक आणि समोर आरसा; चित्रामागून त्या भोकातून आरशात बघायचं. १४३५ मध्ये अल्बर्टी या दुसऱ्या इटालियन वास्तुकाराने त्यामागचं शास्त्र ग्रंथात मांडलं. पण इमारतीत असं कोण बघतं? आपण चालतो, वळतो. अगदी स्पष्ट दिसतो तो जेमतेम २ अंशांचा तुकडा, ताठ हाताच्या अंगठ्याएवढा. बाकीचं नजर फिरवत जोडून घेतो. हे एका जागी बसून काढलेल्या शीटवर येत नाही. पुठ्ठ्याचं मॉडेल करा, डोळ्याच्या उंचीवरून त्यात मोबाइल फिरवा, तासाभरात कळतं. शिवाय ज्याचा हात सुबक त्याची नजर चांगली, असं ज्युरीत (मुलांचं काम तपासणाऱ्या परीक्षकांसमोर) धरलं जातं. त्यापायी चांगली मुलं खचलेली मी पाहिली आहेत.

सावली
मोबाइलचाही भरवसा नको. वाइड अँगलमध्ये तीन मीटरची खोली दिवाणखाना वाटते आणि मुलं संगणकावर काढलेल्या तशाच चित्रावर, रेंडरवर, स्वतःच विश्वास ठेवतात. मी रोमच्या पलाझो स्पादा या वाड्यातल्या, वास्तुकार बोरोमिनीने केलेल्या खांबांच्या वाटेचा फोटो दाखवते आणि लांबी विचारते. उत्तरं तीस-चाळीस मीटरपर्यंत जातात. ती आहे सुमारे ९ मीटर! जमीन चढत जाते, छत उतरतं, खांब बुटके होतात. टोकाचा पुतळा माणसाएवढा भासतो, पण तो मीटरभरही नाही. मग सांगते, आता हिचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढा. तो काढताना सगळी फसवणूक हाताखालून जाते.

रेघ_न_रेघ
@चौकट, सुबकपणाचे गुण काढून टाकायला मी आजच तयार आहे. खाडाखोड झालेली शीटच मला जास्त सांगते. पण तास सोडणार नाही. मॉडेलमध्ये कॅमेरा कुठे धरायचा हे ठरवायलाही आधी बघावं लागतं.

चौकट
गुण काढले तर माझी अर्धी तक्रार मिटली. उरलेली अर्धी कायम आहे: निदान निम्मी रेखाटनं चालता चालता, दर दहा पावलांवर एक अशी काढून घ्या. बसून नको.

रेघ_न_रेघ
दहा पावलांचं सोमवारीच करून बघते. त्याच कॉरिडॉरमध्ये.